कॉट बेसिस: तुमची कॉट शहराच्या कुठल्या वहीत आहे?

कुंडलहून बोलतेय. ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणं लिहून टाकलाय. बोलण्यातलं अडखळणं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळं निघाला. पलूसकडचा मुलगा आहे. पुण्यात पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. एका खोलीत चौघं. मालकांनी सांगितलं, महिनाअखेरीला रूम खाली करा, डिपॉझिटचं नंतर बघू. पोरानं विचारलंय, "ताई, माझ्याकडं करार नाही. मग मी तिथं नक्की कोण आहे? भाडेकरू, पीजी, की पाहुणा?"

प्रश्न साधा वाटतो, पण मी तीन-चार कायदे उघडून बसले तेव्हा कळलं की याचं सरळ उत्तर शहराकडंही नाही.

आमच्या भागातनं पुण्याला जाणं नवीन नाही. किर्लोस्करवाडीला महाराष्ट्र एक्सप्रेस किंवा कोयना पकडायची, नाहीतर एसटी. पाठीवर सॅक, हातात आईनं दिलेला डबा. सदाशिव, नारायण, शनिवार, नवी पेठ, शास्त्री रस्ता, या पट्ट्यात अभ्यासिका, मेस आणि कॉट या तीन गोष्टींवर हजारो पोरांची चार-पाच वर्षं निघतात. यातली अभ्यासिका पाटी लावून चालते. मेसलाही पाटी असते. कॉटला पाटी नसते. खांबावर चिकटवलेला कागद असतो: "कॉट उपलब्ध, फक्त मुलींसाठी", खाली मोबाईल नंबर.

ज्याला आपण पीजी म्हणतो

आधी शब्दाचा घोळ सोडवू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 7 मध्ये 'पेइंग गेस्ट'ची व्याख्या आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर, घरमालक स्वतः ज्या घरात राहतो, त्याच घराचा काही भाग कुटुंबाबाहेरच्या माणसाला परवानगीनं राहायला दिला, तर तो माणूस पेइंग गेस्ट. म्हणजे काकू पुढच्या खोलीत राहतात आणि आतली खोली दोन मुलींना दिलीय, हे पीजी.

आता तुमची रूम डोळ्यासमोर आणा. मालक कोथरूडला, नाहीतर अमेरिकेत. फ्लॅट एका माणसानं चालवायला घेतलाय. हॉलमध्ये चार कॉट, दोन बेडरूममध्ये तीन-तीन. दारावर पाटी 'पीजी'. कायद्याच्या व्याख्येत हे बसत नाही, कारण मालक तिथं राहतच नाही.

मग हा शब्द एवढा का चालला? यामागं एक जुनी भीती आहे असं मला वाटतं. आधीचा कायदा होता 1947 चा. त्याचं पूर्ण नाव ऐका: मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण कायदा. लॉजिंग हाऊस हा शब्द थेट नावातच! पैसे घेऊन राहायची सोय करणाऱ्या जागेनं किती दर लावावा, हे ठरवायचा अधिकार त्या कायद्यानं नियंत्रकाला दिला होता. या कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लोक 'लायसन्स'वर जागेत राहत होते ते एका फटक्यात भाडेकरू ठरले. त्यांना काढणं अवघड झालं. पेइंग गेस्ट मात्र यातनं वगळले होते. तेव्हापासून मालक लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की कागद केला की जागा गेली, आणि 'पीजी' म्हटलं की आपण सुरक्षित.

ही भीती आजच्या कायद्यात उरलेली नाही, हे मालकांनाही कुणी सांगत नाही. 1999 च्या कायद्याचं कलम 24 म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा परत द्यायची. दिली नाही तर दुप्पट दरानं नुकसानभरपाई. म्हणजे कागद असेल तर मालकाचीच बाजू भक्कम होते. मालकांशी बोलाल तेव्हा "आम्हाला हक्क पाहिजे" अशी सुरुवात करू नका. "काका, कलम 24 मुळं करार तुमच्याच फायद्याचा आहे" असं म्हणून बघा. टोन बदलतो.

जाता जाता अजून एक. नव्या कायद्याच्या नावातनं लॉजिंग हाऊस गेलं. पण 1951 च्या पोलीस कायद्यात ते अजून आहे, आणि कुठं? 'सार्वजनिक करमणुकीच्या जागे'च्या व्याख्येत. पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत काय करमणूक होते ते राहणाऱ्यालाच माहीत!

अकरा महिन्यांची गंमत

"अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायला लागत नाही." हे वाक्य प्रत्येकानं ऐकलंय. हे आलं 1908 च्या नोंदणी कायद्यातनं, जिथं एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. म्हणून अकरा महिने. पण महाराष्ट्रात 2000 पासून ही पळवाट बंद आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की जागा भाड्यानं द्या नाहीतर लिव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखी पाहिजे आणि नोंदलेला पाहिजे. अकरा महिने असोत की तीन.

आणि नोंदणी करायची जबाबदारी कुणाची? मालकाची. नोंदलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पलूसच्या भावा, तुझ्यासाठी हेच सगळ्यात कामाचं आहे. करार नाही म्हणून तू हवेत नाहीस. करार नसणं हा कायद्यानं मालकाचा प्रॉब्लेम आहे.

खर्चाचं म्हणाल तर हिशोब करू. समजा चौघांची रूम, महिना 16,000, मुदत 11 महिने. एकूण भाडं 1,76,000. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, म्हणजे 440 रुपये. डिपॉझिटमुळं त्यात थोडी भर पडते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000. हे सगळं ऑनलाइन होतं. एजंट घरी येऊन बोटाचे ठसे घेऊन जातो, त्याची फी वेगळी. चौघांत वाटलं तर एकेकाला सरकारी खर्च चारशेच्या आत-बाहेर पडतो.

हा कागद नुसता भांडणापुरता नसतो. समाजकल्याण खात्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या कॉलेजविद्यार्थ्याला पुण्या-मुंबईत राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मिळतात. त्यासाठी तुम्ही कुठं राहता याचा पुरावा लागतो, आणि सरळ पुरावा म्हणजे भाडेकरार. मालकानं करार नाकारला की पोराची ही रक्कम अडकते. चारशे रुपयांच्या कागदापायी साठ हजार.

शहर काय मोजतं?

शहराला तुमची कॉट दिसते का? थोडीशी दिसते, पण प्रत्येक खात्याला वेगळी.

पोलिसांना तुम्ही 'माहिती' म्हणून दिसता. पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात की मालकानं भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची. पूर्वी हे कलम 144 खाली व्हायचं, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली. तुमचं आधार कार्ड, फोटो, गावचा पत्ता सगळं जातं. खोलीला दुसरा दरवाजा आहे का, हे त्या फॉर्ममध्ये कुणी विचारत नाही.

महापालिकेच्या कर खात्याला घर दिसतं. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात 40 टक्के सवलत मिळते. घर भाड्यानं दिलं की ती जाते. आता दहा कॉट लावलेला मालक कर खात्याला स्वतःहून काय कळवणार, हे सांगायला नको. आपली व्यवस्थाच अशी आहे की जो खरं सांगतो त्याला जास्त भरावं लागतं.

जीएसटीवाल्यांनाही मध्यंतरी कॉट दिसली होती. 2023 मध्ये कर्नाटकातल्या एका निवाड्यात पीजी-हॉस्टेलवर 12 टक्के कर लागतो असं आलं आणि सगळीकडं घबराट झाली. मग 15 जुलै 2024 पासून सूट मिळाली: माणशी महिना 20,000 पर्यंत भाडं आणि सलग किमान 90 दिवस मुक्काम असेल तर जीएसटी नाही. तुमच्या बिलात कुणी जीएसटी लावत असेल तर ही अट दाखवा.

आणि अग्निशमन? इथं मला खरी अडचण दिसते.

भारतात इमारतींसाठी नॅशनल बिल्डिंग कोड आहे, 2016 चा. तो मार्गदर्शक आहे, राज्यं आणि महापालिका आपापल्या नियमांत त्याचा आधार घेतात. त्यात निवासी इमारतींचे प्रकार पाडलेत. पहिलाच प्रकार, ए-1, म्हणजे लॉजिंग आणि रूमिंग हाऊस: जास्तीत जास्त 40 खाटा, झोपायची सोय, जेवण असेल-नसेल, पण प्रत्येकाला स्वतंत्र स्वयंपाकाची सोय नाही. ए-3 म्हणजे डॉर्मिटरी: एका कुटुंबातली नसलेली माणसं, एका खोलीत किंवा लगतच्या खोल्यांत, एकाच व्यवस्थापनाखाली. वाचताना मला हसूच आलं. आपली कॉट बेसिस रूम शब्दशः लिहून ठेवलीय! कुटुंबाच्या फ्लॅटचा प्रकार वेगळा, ए-4.

मग असं का करतात? कारण कुटुंब आणि दहा अनोळखी पोरं आगीत सारखी वागत नाहीत. कुटुंबात आई सगळ्यांना उठवते, कोण घरात आहे हे माहीत असतं. कॉटवर शेजारचा रात्री अभ्यासिकेतनं आला का नाही, हेही ठाऊक नसतं. चार्जर दहा, इंडक्शन शेगड्या दोन, हीटर एक, आणि वायरिंग चौघांच्या कुटुंबाचं. म्हणून बाहेर पडायचा रस्ता, अलार्म, अग्निशामक नळकांडी याचे नियम प्रकारानुसार बदलतात.

महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, 2008 च्या डिसेंबरपासून लागू. ज्या इमारतींना तो लागतो त्यांच्या मालकानं किंवा वापरणाऱ्यानं परवानाधारक एजन्सीकडनं तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैमध्ये प्रमाणपत्र द्यायचं असतं. कायदा चांगला आहे. पण नकाशा मंजूर झाला तेव्हा ते 'कुटुंबाचं घर' होतं. नंतर त्यात कॉट लागल्या. भोगवटा पत्रावर काही बदललं नाही. कागदावर ते अजून ए-4 आहे, आत ए-3 चालू आहे. हा बदल कुणीतरी कळवल्याशिवाय कुठल्याच वहीत येत नाही, आणि कळवण्यात कुणाचाच फायदा नाही. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यावरनं रात्री चढताना हे एकदा आठवून बघा.

मग कडक नियम करा की!

एवढं सगळं ऐकून कुणीही हेच म्हणेल. बेंगळुरूनं ते केलंय. 2024 मध्ये कोरमंगलातल्या एका पीजीत तरुणीचा खून झाला, त्यानंतर तिथल्या महापालिकेनं पीजीसाठी नियमावली काढली. माणशी किमान 70 चौरस फूट जागा, दिवसाला 135 लिटर पाणी, सीसीटीव्ही, जेवण देत असतील तर अन्न परवाना, आगीची व्यवस्था. तमिळनाडूत तर 2014 पासून महिला आणि मुलांच्या वसतिगृहांसाठी नोंदणी-परवान्याचा स्वतंत्र कायदाच आहे. आपल्याकडं कॉट बेसिससाठी असा वेगळा कायदा नाही.

70 चौरस फूट हा आकडा मला इंग्लंडच्या नियमातही सापडला. तिथं पाच किंवा जास्त वेगवेगळी माणसं राहत असतील तर घराला परवाना लागतो आणि एका प्रौढ माणसाची झोपायची खोली किमान 6.51 चौरस मीटर पाहिजे. चौरस फुटांत केलं की तेच, 70.

आता हा आकडा पेठेत लावून बघू. दहा बाय बाराची खोली म्हणजे 120 चौरस फूट. चार कॉट लावल्या की माणशी 30. नियम लावला तर त्या खोलीत एकच माणूस बसतो. चौघांकडनं तीन-तीन हजार येत होते समजा, तर बाराच्या बारा हजार एकट्यानं द्यायचे. कुंडलच्या ऊसतोडीच्या हंगामावर घर चालणारा बाप बारा हजार पाठवणार नाही. तो पोराला परत बोलावेल. पोरगीला तर आधी.

म्हणून मला सरसकट 'कारवाई करा, सील करा' ही भाषा पटत नाही. सील झालेल्या रूममधनं पोरं गावाला जात नाहीत, आणखी आतल्या गल्लीतल्या, आणखी अंधाऱ्या रूममध्ये जातात.

याचं उदाहरण बघायला थोडं लांब जावं लागेल, कॅनडात टोरोंटोला. आपल्याकडची पोरं शिकायला जातात तिथं. 1998 मध्ये आजूबाजूच्या नगरपालिका एकत्र करून मोठं टोरोंटो झालं, पण रूमिंग हाऊसचे नियम जुनेच राहिले. जुन्या शहरात परवाना घेऊन चालायचं, आणि स्कारबरो, नॉर्थ यॉर्क या भागांत पूर्ण बंदी. कॉलेजं मात्र त्याच भागांत. बंदीनं रूमिंग हाऊस थांबली का? नाही. ती तळघरांत आणि पार्टिशन घातलेल्या बंगल्यांत चालू राहिली. राहणारा तक्रार करायचा नाही, कारण तपासणी झाली की त्याचंच छप्पर जाणार. 2018 मध्ये स्कारबरोत अशाच एका बिनपरवाना घराला आग लागली आणि अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी गेली. वर्षानुवर्षं वाद झाला, "आमच्या गल्लीत नको" म्हणणारे शेजारी तिथंही होते. शेवटी डिसेंबर 2022 मध्ये शहराच्या सभागृहानं ठरवलं आणि 31 मार्च 2024 पासून सगळ्या शहरात ती कायदेशीर झाली. साध्या वस्तीत सहा खोल्यांपर्यंत, पण परवाना आणि तपासणी सक्तीची.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी मान्यता, मग तपासणी. पुण्यानं असंच करावं असं माझं मत आहे. पहिल्या वर्षी फक्त नोंद: पत्ता, कॉट किती, चालवणारा कोण, बाहेर पडायचे रस्ते किती. नोंदवणाऱ्याची करसवलत लगेच काढायची नाही. दुसऱ्या टप्प्यात वायरिंग, नळकांडी, खिडकीचे गज उघडतात का, हे बघायचं. चौरस फुटांचा नियम सगळ्यात शेवटी, आणि तोही जादा वसतिगृहं झाल्यावर.

कारण वसतिगृहाचं म्हणाल तर आपण यात मागासलेले नव्हतो. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग सुरू केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती 1955 पासून गावाकडच्या मुलामुलींना अल्प खर्चात ठेवून घेते. आमच्या शेजारी, जुन्या कुंडल रोड स्टेशनजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना काढला तो कामगारांच्या राहण्याची सोय करूनच. बाहेरनं माणूस बोलवायचा तर त्याच्या झोपण्याचं आधी बघायचं, ही समज होती. पुणं लाखो पोरं बोलावतं, आणि झोपण्याचं खांबावरच्या कागदावर सोडतं.

आता पलूसच्या भावाकडं परत येते.

तुझं नेमकं नाव काय? मालक तिथं राहत नाहीत, म्हणजे तू कायद्यातला पेइंग गेस्ट नाहीस. महिन्याला ठरलेली रक्कम देऊन त्यांच्या परवानगीनं राहतोयस, म्हणजे लायसन्सी म्हणून तू बोलू शकतोस, आणि कलम 55 तुझ्या बाजूचं आहे. डिपॉझिट यूपीआयनं दिलंयस का? दिलं असशील तर ती एंट्री आज स्क्रीनशॉट काढून ठेव, दर महिन्याच्या भाड्याच्याही. रोख दिलं असेल तर मालकांना व्हॉट्सअॅपवर साधा, नम्र मेसेज टाक: "काका, अमुक तारखेला अमुक रुपये डिपॉझिट दिलं होतं, रूम 30 तारखेला सोडतोय, परत कधी मिळेल?" ते "बघू" म्हणाले तरी चालेल, त्यांनी रक्कम नाकारली नाही हे लेखी राहतं. चौघांनी चार वेगळे मेसेज टाका. रूम सोडताना खोलीचा, भिंतींचा, कॉटचा व्हिडिओ काढ, चावी देतानाचाही. तरी नाही दिलं, तर चालवणारा माणूस व्यवसाय म्हणून रूम चालवतो हे धरून ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवता येते. पोलीस ठाण्यात गेलास तर ते "सिव्हिल मॅटर" म्हणतील, त्याची तयारी ठेव.

आणि नवीन रूम बघायला जाशील तेव्हा वायफायच्या आधी दोन गोष्टी विचार. करार नोंदवणार का, आणि रात्री जिन्याला कुलूप लावतात का. मुलींच्या रूमवर दुसरा प्रश्न जास्त लागतो, कारण नऊ वाजता गेट बंद करणारे बरेच असतात, पण चावी कुणाकडं असते हे कुणी सांगत नाही.

तुमच्या कॉटचा करार झालाय का, व्हॉइस मेसेज करून कळवा. मालकाचं नाव, नंबर, पत्ता पाठवू नका, फक्त पेठ आणि कॉट किती तेवढं सांगा. पुढच्या भागात मेसवर बोलू.